किल्ली येण्याआधीची तपासणी

"ही पोरगी सकाळधरनं चार शब्द बोलली न्हाय, आन बोलणारं मशीन हिनं तपासायचं व्हय?"

पार्टिशनच्या पलीकडून आलेलं हे वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं, पण मी मान वर केली नाही. दुसरं कुणीतरी हसलं. समोरच्या कॉम्प्युटरवर मी नुकताच एक प्रश्न टाइप केला होता आणि उत्तराची वाट बघत होते. दोनेक सेकंदांत ते आलं. लाल अक्षरांत, एकच ओळ: की सापडली नाही.

मी वहीत बरोबरची खूण केली आणि खुर्चीला टेकून बसले.

तेवढ्यात पार्टिशनला वळसा घालून साठीकडे झुकलेले एक गृहस्थ चहाचा कप घेऊन आले. आवाज तोच. "च्या घ्या मॅडम," ते म्हणाले आणि त्यांची नजर स्क्रीनवर गेली. "आरारा. लाल आलं की वो."

"हो. लालच यायला हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला सवयीची आहे.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतला तो पशुखाद्याचा कारखाना. गृहस्थांचं नाव भानुदास, पण सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही दुसऱ्या दिवसापासून तात्याच म्हणू लागले. आणि मी बारामतीतल्या एका पाच माणसांच्या कंपनीत काम करते. आमचे मालक अमोल सर. गेली तीन वर्षं माझं काम एकच आहे: आमच्यातल्याच दुसऱ्यांनी गिऱ्हाइकाकडे बसवलेलं ए.आय. एजंटचं सॉफ्टवेअर नीट बसलंय का, हे तपासायचं आणि कागदावर सही करायची. माझी आई शेजारी सांगते, "कॉम्प्युटरचं काहीतरी चेकिंग करते." यात चूक काही नाही, पण एवढ्यानं भागतही नाही.

एजंट म्हणजे ऑफिसातल्या एका हुशार कारकुनासारखं सॉफ्टवेअर. आलेले मेसेज वाचायचे, त्यातलं काम ओळखायचं, उत्तराचा किंवा चिठ्ठीचा मसुदा करून माणसापुढे ठेवायचा. ते बसतं इथे, त्या त्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. पण त्याचा मेंदू इथे नसतो. तो कुठल्यातरी दूरच्या मोठ्या कंपनीच्या यंत्रांत असतो, आणि तिथे प्रवेश मिळवायला एक की लागते. की म्हणजे चाळीस-पन्नास अक्षरा-आकड्यांची एक ओळ, पासवर्डसारखी. ही की ज्याच्या हातात पडेल तो त्या ऑफिसच्या नावावर मेंदू वापरू शकतो. म्हणून कुठल्याही गिऱ्हाइकाचं हेड ऑफिस ती आमच्यासारख्या बाहेरच्या लोकांना देत नाही, आणि देऊही नये. आम्ही बसवायचं, मी तपासायचं, सही झाली की हेड ऑफिस त्यांच्याच माणसाकडे की पाठवणार, तो ती घालणार.

थोडक्यात, एजंट बोलतोय की नाही हे तो बोलू शकत नसताना तपासायचं, हे माझं काम.

ते कसं करतात? आधी सॉफ्टवेअरला त्याचं नाव आणि आवृत्ती विचारायची. एवढं सांगायला त्याला मेंदू लागत नाही. मग त्याच्या फाइली जागच्या जागी आहेत का, ज्या फोल्डरात लिहायचं तिथे लिहिण्याची परवानगी आहे का, आणि नको तिथे तर नाही ना, ते बघायचं. मग तालीम. सॉफ्टवेअरबरोबर काही साठवलेली उत्तरं येतात. मेंदूच्या जागी ती वाजवायची आणि बाकीचं सगळं यंत्र हलतंय का बघायचं. नाटकाच्या तालमीत मुख्य नट आलेला नसला की त्याची वाक्यं कुणीतरी वहीतून वाचतं आणि बाकीचे आपापल्या हालचाली करून घेतात, तसं. आणि सगळ्यात शेवटी त्याला खराखुरा प्रश्न विचारायचा. की नसल्यामुळे त्यानं स्वच्छ नकार दिला पाहिजे. गप्प बसला, अडकला, बंद पडला तर नापास. "की सापडली नाही" असं लाल अक्षरांत म्हणाला तर पास. (मूळ ओळ इंग्रजीत असते. मी इथे मराठीत लिहिते आहे.)

तात्यांना हे समजावताना माझी नेहमीची पंचाईत झाली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घाबरले की तोंडातून इंग्रजीच निघतं. मी एररबद्दल, कॉन्फिगबद्दल बोलत राहिले. तात्या शांतपणे ऐकत उभे होते. मग म्हणाले, "मॅडम, मराठीत सांगा. न्हायतर हातानं दाखवा."

मी हातानं दाखवलं. प्रश्न परत विचारला, लाल ओळ परत आली, आणि मी त्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "हे बरोबर."

तात्यांनी क्षणभर विचार केला. "आस्सं. म्हंजी लायटीचं कनेक्शन यायच्या आदी मोटर हातानं फिरवून बघत्यात तसं. फिरली तर बेरिंग चांगलं हाय. पाणी मागायचं न्हाय तिला."

तीन वर्षांत मला हे वाक्य सुचलं नव्हतं. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगते.

सगळी गिऱ्हाइकं अशी नसतात. कन्हेरीत एका रोपवाटिकेत आम्ही एजंट बसवला होता. तिथले मालक नाना फार हौशी. मी शेवटच्या तपासणीला गेले तर त्यांनी घरातली आणि शेजारची दहा-बारा माणसं ऑफिसात आणून बसवली होती. सगळ्यांना ए.आय. बघायचं होतं. मी प्रश्न विचारला. लाल ओळ आली. मी हळूच म्हटलं, "पास."

"लाल हाय की," नाना म्हणाले.

"हो, पण पास आहे."

मागून त्यांच्या वहिनी म्हणाल्या, "आवं, लाल अक्षरात पास कुठल्या शाळंत करत्यात? आमच्या पिंट्याला घाला मग तितंच."

सगळे इतके हसले की मलाही हसू आलं. पण नाना काही हसले नाहीत. माणसं जमवून त्यांची फजिती झाली होती. परत येताना माझ्या डोक्यात तेच चालू होतं, आणि त्यातूनच मला खोट्या कीची युक्ती सुचली.

युक्ती साधी आहे. की नसेल तर सॉफ्टवेअर घरातून बाहेरच पडत नाही, दारातच "की सापडली नाही" म्हणतं. पण मी कुठलीही खोटी की दिली, तर ते ती घेऊन निघतं, इंटरनेटवरून थेट मेंदूच्या दारापर्यंत जातं आणि तिथला पहारेकरी ती बघून परत पाठवतो: की अमान्य. म्हणजे ऑफिसपासून मेंदूपर्यंतचा सगळा रस्ता मोकळा आहे, वाटेत कुठे अडवणूक नाही, हे की नसतानाही कळतं. आणि स्क्रीनवर "संपर्क करत आहे" वगैरे हलतं काहीतरी दिसतं, त्यामुळे जमलेल्या माणसांचंही समाधान होतं. अमोल सरांनी ही पायरी सगळ्या तपासण्यांत घालून घेतली. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मला तिचा अभिमान होता.

एवढंच, की काम झालं की खोटी की काढून टाकायला हवी.

तर लोणी देवकर. कारखान्याच्या विक्रेत्यांचे दिवसभर मेसेज येत: कुणाला गोळी पेंड, कुणाला सरकी पेंड, किती पोती, कुठल्या गाडीत. ते वाचून एजंटनं गाडी भरण्याची चिठ्ठी तयार करायची आणि तात्यांनी ती बघून पुढे सोडायची. तात्यांनीच का, तर विक्रेते लिहीत "नेहमीचं पाठवा". कुणाचं नेहमीचं काय, हे कारखान्यात फक्त तात्यांना माहीत. तीन दिवस मी तिथे होते आणि ते माझ्या शेजारी बसून एकेका विक्रेत्याचं नेहमीचं मला सांगत होते, मी ते एजंटच्या माहितीत भरत होते.

"ह्याचं नेहमीचं तीस पोती, पण श्रावणात पंचवीस."

"का?"

"त्ये त्यालाच इचारा. मी आपलं पाठवतो."

बोलता बोलता कळलं, की तात्यांचं बहुतेक आयुष्य लोडिंगच्या फलाटावर गेलं. पेंडीची आणि भुशाची धूळ छातीत बसली. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीत परत गेलात तर माझ्याकडे येऊ नका. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. हा कॉम्प्युटर आला आणि मॅनेजर देशमाने साहेबांनी त्यांना काचेच्या आत खुर्ची दिली. "ह्या डब्यानं मला आत घेतलं बगा," ते कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाले. खिडकीबाहेर फलाटावर पोती पडत होती आणि दर पोत्याबरोबर पांढरट धूळ उठत होती.

की कशी घालायची ते मी त्यांना शिकवलं. कुठली फाइल उघडायची, कुठल्या ओळीत चिकटवायची, कसं सेव्ह करायचं. त्यांनी एका वहीत प्रत्येक पायरी मराठीत लिहून घेतली. कीला ते किल्ली म्हणत. तीनदा माझ्यासमोर सराव केला, तिन्ही वेळा बिनचूक.

तिसरा दिवस बुधवार होता. सकाळीच देशमाने साहेब येऊन सांगून गेले, "मॅडम, बारानंतर राहुकाळ. नारळ त्याच्या आत फुटला पाहिजे." नवीन यंत्र आलं की पूजा ही तिथली रीत. ट्रक असो, वजनकाटा असो की कॉम्प्युटर. मला त्यात काही गैर वाटत नाही. मी घाई केली, एवढंच.

पावणेबारापर्यंत लाल ओळ येऊन गेली होती, तालीम झाली होती, खोटी की घातली होती, आणि पहारेकऱ्यानं ती परत पाठवली होती. रस्ता मोकळा. आता खोटी की काढायची, लाल ओळ एकदा परत बघायची आणि संपलं. मी कीबोर्डवर हात ठेवला, तेवढ्यात दार उघडून सगळे आत आले. कुणीतरी मॉनिटरला झेंडूची माळ घातली. स्क्रीनच्या कोपऱ्यावर कुंकू लागलं. मी पटकन उठून बाजूला झाले, कारण उदबत्तीचं घर ठेवायला माझी वही उचलली जात होती.

"नारळ मॅडमच्या हातनं," साहेब म्हणाले.

पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. चारचौघांत नारळ मी कधी फोडला नव्हता. तात्यांनी दारातून दगड आणून दिला आणि हळूच म्हणाले, "शेंडीकडनं नगं. मधी मारा." तिसऱ्या फटक्याला फुटला. टाळ्या झाल्या. फोटो झाला. खोबऱ्याचा तुकडा एका हातात आणि दुसऱ्या हातात पेन, अशा अवस्थेत मी आमचा फॉर्म भरला. दहा ओळी, दहा चौकोन. शेवटची ओळ: चाचणीसाठी घातलेलं सगळं काढून टाकलं. मी त्यावर खूण केली. त्या वेळी ते खोटं नव्हतं, निदान माझ्यासाठी. मी खोटी की काढली आहे असं मला अगदी चित्रासारखं आठवत होतं.

पुढच्या आठवड्यात की आली. तात्यांनी ती घातली. एजंट म्हणाला: की अमान्य.

पुण्याच्या हेड ऑफिसात आयटीचं सगळं भागवत सरांकडे होतं. त्यांनी फोनवरून तात्यांना की काढून परत घालायला लावली. अमान्य. नवीन की पाठवली. अमान्य. तिसरी पाठवली. तीही अमान्य. तीन-तीन किल्ल्या चुकीच्या कशा असतील? मग चूक घालणाऱ्याची. हा निष्कर्ष कुणीही काढला असता. मीही काढला असता.

नवव्या दिवशी देशमाने साहेबांनी अमोल सरांना बोलावलं. आम्ही भिगवणमार्गे निघालो. गाडीत सर म्हणाले, "आपलं सर्टिफिकेट आहे, सायली. आपलं काम चोख झालंय. की घालणं आपल्याकडे नाहीच. तू फक्त तुझी तपासणी परत करून दाखव, बाकी बोलायचं मी बघतो." मला बरंच वाटलं. बोलायचं नव्हतं, आणि चूक आमची नव्हती. वाटेत मी डोळे मिटून पडून होते.

ऑफिसात खुर्चीवर एक अनोळखी तरुण बसला होता. तात्या कुठे, विचारायच्या आत ते दारात दिसले. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या.

"दोन दिस झालं, लोडिंगला हाय," ते म्हणाले. मग खोकले. खोकला थांबायला वेळ लागला. त्यांनी खिशातून वही काढून माझ्यापुढे धरली. प्रत्येक प्रयत्नाची वेळ, कुठली किल्ली, काय दिसलं, सगळं लिहिलेलं. "तुमी सांगितलं तसंच केलं बगा. तरी पण माझ्याच हातनं कायतरी झालं असंल. ह्या वयात ध्यान ऱ्हात न्हाय."

मी वही चाळली. एकाही पायरीत चूक नव्हती.

बाकीचे चहाला गेले. तो तरुणही गेला. मी खुर्चीवर बसले आणि मला जे एकच काम येतं ते केलं. फाइलमधली की कापून शेजारी एका कोऱ्या पानावर ठेवली, तिची जागा रिकामी केली, आणि एजंटला प्रश्न विचारला. नऊ दिवसांत सगळ्यांनी की बदलून बदलून पाहिली होती. की नसताना तो काय म्हणतो, हे कुणी पाहिलंच नव्हतं. ते कुणाच्या डोक्यात येणारही नाही. ते फक्त माझं काम आहे.

त्यानं म्हणायला हवं होतं: की सापडली नाही.

तो म्हणाला: की अमान्य.

फाइल रिकामी आहे, तर हा अमान्य म्हणतोय कुठल्या कीला?

की ठेवायच्या दोन जागा असतात. एक सॉफ्टवेअरची फाइल, जिथे तात्या घालत होते. दुसरी कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. दोन्हीकडे की असेल तर सॉफ्टवेअर सेटिंगमधली उचलतं, फाइल उघडून बघतही नाही. मी सेटिंग उघडलं. माझी खोटी की ठरलेली असते: आमच्या मांजरीचं नाव आणि पुढे तीन एक. इंग्रजी अक्षरांत चिंगी, एक, एक, एक. ती तिथे होती.

तात्यांनी तिन्ही किल्ल्या बरोबर घातल्या होत्या. दर वेळी सॉफ्टवेअर त्यांच्या किल्लीवरून पुढे जाऊन माझ्या मांजरीचं नाव पुण्या-मुंबईच्याही पलीकडे घेऊन जात होतं आणि पहारेकरी त्याला परत पाठवत होता.

ती ओळ पुसायला दोन सेकंद लागतात. पुसली, तात्यांच्या वहीप्रमाणे खरी की घातली, की एजंट सुरू. चहा पिऊन येणाऱ्या माणसांना मी म्हणू शकत होते, "झालं." कुणी विचारलं नसतं. विचारलं तरी मला नीट उत्तर देता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. गप्प माणसाला ही एक सोय असते. मी ती लहानपणापासून वापरत आले आहे.

मी आधी मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला. मग ओळ पुसली आणि खरी की परत तिच्या जागी घातली. एका विक्रेत्याचा सकाळचा मेसेज पडून होता: "नेहमीचं पाठवा." एजंटनं चिठ्ठी तयार केली. तीस पोती. मला हायसं वाटलं. यंत्र चांगलं होतं. तीन दिवस बसून भरलेलं सगळं आत नीट होतं.

अमोल सर आले, बघितलं, खुश झाले. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दाराकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "चालू झालं ना? मग बास. आत्ता काही बोलू नको. ऑफिसला गेल्यावर बघू." त्यांच्यावर राग धरावा असं त्यात काही नव्हतं. पाच माणसांची कंपनी आहे आणि आमच्या सहीशिवाय आमच्याकडे विकायला दुसरं काही नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत काचेच्या आत आले आणि आजही तिथेच आहेत. मधूनमधून फोन करतात. "मॅडम, तुमच्या मशीनला अजून श्रावण कळंना," हे गेल्या वेळचं. भागवत सर फक्त "नोटेड" म्हणाले आणि त्यांच्या अहवालातली ओळ बदलली. देशमाने साहेबांनी आमचं काम बंद केलं नाही, पण आता तिथे नारळ फॉर्मवर सही झाल्यावर फुटतो, राहुकाळाआधी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी. परतताना भिगवणला अमोल सरांनी गाडी थांबवली, मासळीची दोन ताटं मागवली, आणि पहिला घास घेतल्यावर म्हणाले, "शेवटच्या ओळीला आता दोन सह्या. एक तुझी, एक माझी." मी पोटभर जेवले. आदल्या कित्येक दिवसांत तशी जेवले नव्हते.

तात्यांचा खोकला मात्र पुढे पंधरा दिवस गेला नाही. ते दोन दिवस कुठल्याही फॉर्मवर दुरुस्त करता येत नाहीत. मी त्यांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "सोडा वो." मला अजून सोडता आलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही देशमाने साहेबांच्या केबिनमध्ये बसलो. भिंतीवरच्या स्क्रीनवर पुण्याहून भागवत सर होते. तात्यांना "इथंच थांबा" म्हणून दाराशी उभं केलं होतं. रुमाल त्यांनी तोंडावरून काढून हातात घेतला होता.

"चला, सुरू झालं एकदाचं," भागवत सर म्हणाले. "ऑपरेटरच्या हातून चुकत होतं ना? तसं लिहितो मी. ऑपरेटर बदललाय ना?"

"बदलला सर," देशमाने साहेब म्हणाले. "तात्याला लोडिंगला घेतलंय. नाही होत आता त्याच्याच्यानं."

तात्या खाली बघत होते. अमोल सर माझ्याकडे बघत नव्हते.

मी काहीतरी म्हणाले. ते मलाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात मॅडम?" साहेबांनी विचारलं.

मी उभी राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती. मोबाइलमधला फोटो उघडून मी तो टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, तात्यांनी किल्ली पहिल्या दिवसापासून बरोबर घातली होती. आत माझी खोटी किल्ली राहिली होती. ती मी काढली नाही, आणि काढली असं लिहून सही केली."